सही जुळत नाही

बँकेतली ती बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. काचेखालून तिने फॉर्म परत सरकवला, भाच्याच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "जुळत नाहीये. परत करा. सावकाश करा, घाई नाही." आजोबांनी त्याच्या नावाने ठेवलेल्या एफडीची मुदत संपली होती, ती मोडायची होती. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने बँकेत दिलेली सही तिच्या स्क्रीनवर दिसत होती. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट, खाली दोन टिंबं, नुकतीच स्वतःची सही ठरवलेल्या पोराचा सगळा रुबाब तिच्यात होता. कागदावर तेच आडनाव दातेरी झालं होतं. सावकाश केली तर हात जास्त थरथरतो हे त्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. त्याने मनगट टेबलावर दाबून धरून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. पेनचं टोक कागदाला टेकण्याआधीच हवेत बारीक बारीक रेघा मारायला लागलं. मागच्या रांगेतले लोक मोबाइलमधून डोकी वर काढून बघू लागले. तेव्हा ती बाई थोडी पुढे वाकली, आवाज खाली आणला आणि अगदी मायेने म्हणाली, "अंगठा देता का?"

भाचा बीकॉम आहे. त्याने अंगठा दिला. शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर उमटवला, रुमाल नव्हता म्हणून जीन्सला पुसला. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात म्हणे. एक मी झाले आणि दुसरे रांगेतले एक काका, ज्यांनी आमच्यासाठी चष्मा काढून, घालून, वाचून, ऐटबाज सही केली. आणि मग उपकाराची परतफेड म्हणून असेल, त्यांनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोडून दे रे बाबा. वय काय तुझं? माझ्या पुतण्याचंही असंच व्हायचं सकाळी सकाळी." मला वाटलं हा चिडेल. तो हसला आणि म्हणाला, "प्रयत्न चालू आहे काका."

बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही. त्यानेच रसवंतीपाशी थांबून सांगितलं, "दारुड्या समजले तर लोक पाठीवर हात ठेवतात, मावशी. खरं सांगितलं असतं तर पेन परत घेतलं असतं."

ताईच्या घरी फ्रीजवर एक निळा डबा आहे, सात खणांचा, एकेका वाराचा. रविवारी रात्री जेवणं झाली की ती ओट्याशी उभी राहून स्ट्रिपा कात्रीने कापते आणि खण भरते. लालबागच्या त्या चाळीतल्या खोलीत तेव्हा नुकत्याच पुसलेल्या ओट्याचा, मिरीच्या आमटीचा आणि अॅल्युमिनियमच्या पाकिटांचा एक चमत्कारिक वास असतो. पहिली गोळी लिथियमची, मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी, पांढरी, जाडसर. दुसरी रिस्पेरिडोनची, भास-भ्रम आणि उधाणावरची. तिसरी ट्रायहेक्सिफेनिडिलची, एवढीशी, आणि ती त्याच्या आजारासाठी नाहीच, दुसरीने अंग आखडू नये म्हणून आहे. तिसरीने तोंडाला कोरड पडते, डोळ्यांपुढे धूसर होतं, नावं पटकन आठवत नाहीत. म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात, ज्यांना निदान प्रिस्क्रिप्शन लागत नाही. मधल्या काळात चौथीही होती, तिच्यावर येतेच. ताई हे सगळं पाठ म्हणते, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, कोणतीवर दूध चालतं. पूर्वी तिला श्रीसूक्त इतकं पाठ होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तो पहिल्यांदा आजारी पडला. मनाला उधाणच आलं, झोप बंद झाली, बोलणं थांबेना, परळ ते वांद्रे चालत गेला आणि रिक्षावाल्यांना पैसे वाटून आला. ती गोष्ट आमच्या घरात आता अर्धी विनोदी झाली आहे. दवाखान्यात भरती केल्यावर हॅलोपेरिडॉलची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर तो पलंगावर बसलेला, मान डाव्या खांद्याकडे पिळवटलेली, बुबुळं छताला लागलेली, जीभ बाहेर. बोलता येत नव्हतं पण शुद्धीवर होता, आणि ते जास्त भयंकर होतं, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईच्या सासूबाई दारातच थबकल्या. "कुळाचाराचं काही राहिलंय," एवढंच पुटपुटल्या आणि पदर डोक्यावर घेतला. ताईचा चेहरा पांढराफटक. आणि वॉर्डातली मावशी, जी फरशी पुसत होती, तिने पोछा बादलीत बुडवता बुडवता आमच्याकडे बघितलं. "सुई बाधली त्याला. तरण्या पोरांना होतं. सिस्टरला बोलवा, उतरंल." सिस्टरने प्रोमेथाझिन टोचलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली, बुबुळं खाली आली, आणि त्याने पहिला शब्द उच्चारला तो अत्यंत अर्वाच्य होता. ताई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या मावशीचं वाक्य नंतर मी पुस्तकांतून पडताळून पाहिलं. शब्दाशब्दाने बरोबर. हॅलोपेरिडॉल १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. अशा औषधांनी मान, जबडा, डोळे पिळवटून जाण्याचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो तरुणांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, पहिल्या काही तासांत नाहीतर दिवसांत. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागा ही औषधं अडवतात. साधारण ६५ टक्के जागा अडल्या की भास, भ्रम, उधाण ओसरायला लागतं. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग कडक होतं, हात थरथरतात, चेहरा कोरा पडतो. गुण येणं आणि अंग आखडणं यांच्यामधली पट्टी एवढी अरुंद आहे, आणि ती पट्टी डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरलाही समोरच्या माणसाची चाल, हात, चेहरा बघूनच तिचा अंदाज बांधावा लागतो.

गंमत म्हणजे या सगळ्याचं एक मूळ ताईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परळच्या केईएममध्ये रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. रक्तदाबावर सर्पगंधेचा काय उपयोग होतो याबद्दलचा त्यांचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत असलेली मुळी जगाच्या नजरेत भरली. तिच्यातून १९५२ मध्ये रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि ते न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांपर्यंत पोचलं. पेशंट शांत झाले. आणि त्यांच्यातले काही कंपवात झाल्यासारखे वाकून, पाय घासत चालायला लागले. १९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी स्वीडनमध्ये रेसरपीन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून अंगात डोपामाइन बनतं ते, टोचलं, ससे उठून बसले, आणि डोपामाइनचं काम काय ते उलगडत गेलं. त्याच १९४९ साली, तिकडे ऑस्ट्रेलियात, जॉन केड यांनी लिथियमबद्दलचा आपला निबंध छापला होता. त्या दोन टोकांची वंशावळ आता लालबागच्या एका फ्रीजवर निळ्या डब्यात शेजारी शेजारी पडलेली असते. माझे आजोबा बीपीसाठी सर्पगंधेच्या गोळ्या घ्यायचे. शेवटी शेवटी फार संथ झाले होते, गॅलरीतल्या खुर्चीत बसले की बसले. वय झालं, असं सगळे म्हणायचे. असेलही.

आता ती चौथी गोळी. उधाण ओसरल्यावर त्याच हिवाळ्यात तो खाली खाली जात राहिला. अंघोळ नाही, फोन नाही, भिंतीकडे तोंड. चाळीच्या गच्चीच्या दाराला ताईने सेक्रेटरींना सांगून कुलूप लावून घेतलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. काही दिवसांनी तो अंथरुणातून उठला खरा, पण मग बसेचना. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, कठड्याला हात घासत, मोरीपाशी वळायचा, परत. जेवताना ताट हातात घेऊन चालायचा. रात्री खालच्या मजल्यावरचे लोक काठीने छत ठोकायचे. बस म्हटलं की बसायचा आणि गुडघे नाचायला लागायचे. "आतून मुंग्या नाहीत, मावशी, पण मुंग्यांसारखं. कातडी बरोबर बसत नाहीये." ताईला वाटलं, उधाण परत येतंय. मलाही तेच वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फोनवरून दुसऱ्या गोळीचा डोस वाढवला गेला. चालणं दुप्पट झालं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी त्याला खुर्ची न देता उभंच ठेवलं आणि क्रिकेटवर बोलत राहिले. बोलताना नजर त्याच्या पायांवर. तो एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, जागच्या जागी कवायत करत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मग त्यांनी विचारलं, "बेचैनी डोक्यात आहे की पायांत?" तो म्हणाला, "पायांत. डोकं पायांना कंटाळलंय." याला अकॅथिझिया म्हणतात. नाव १९०१ मध्ये प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी ठेवलं, ही औषधं जन्मायच्या अर्धं शतक आधी. पण औषधं आल्यापासून तो बहुतेक त्यांच्यामुळेच दिसतो. इथे तो दोन गोळ्यांच्या जोडीने आला होता. रिस्पेरिडोनचा निचरा यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच फ्लुऑक्सेटिन थोपवून धरतं. पाकिटावरचे मिलिग्रॅम तेवढेच, रक्तात मात्र जास्त. वरून डोस वाढवलेला. बरं, फ्लुऑक्सेटिन बंद केलं म्हणून दुसऱ्या दिवशी थांबत नाही, ते अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. या चालण्यावर प्रोप्रॅनोलॉल बरं लागू पडतं, पण त्याला लहानपणी दमा होता, त्यामुळे तेही नाही. रिस्पेरिडोन कमी केलं, काही रात्री क्लोनाझेपाम, आणि बाकी वाट बघणं. तेवढे दिवस तो चालला. लेंगा वर धरून, रबरी चपला काढून, खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून टाचा उचलून.

औषधांच्या चाचण्या बहुतेक एकेका गोळीच्या होतात. आपल्या घरात गोळ्या घोळक्याने येतात.

लिबी झायन या मुलीबद्दल मी त्याच सुमारास वाचलं. न्यूयॉर्क, १९८४. वय १८. ती फेनेल्झिन हे नैराश्यावरचं औषध घेत होती. ताप आणि अंगाची थडथड म्हणून दवाखान्यात आली, रात्री तिला पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं. ती आणखी तडफडायला लागली तेव्हा तिला पलंगाला बांधलं. सकाळपर्यंत ती गेली होती. त्या दोन औषधांनी एकमेकांशी जुळवून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन नको इतकं वाढवलं असावं, असं आज बहुतेक डॉक्टर मानतात. वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांच्या ड्यूटीवर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. चांगलंच झालं. पण मला त्या गोष्टीत सारखा तो बांधलेला हात दिसतो. तरुण अंग उसळत होतं, ते काहीतरी सांगत होतं, आणि त्यावर इलाज केला तो दोरीने. आपल्याकडे गॅलरीत चालणाऱ्या पोराला "बस की रे जरा शांत" म्हणतात, ते फारसं लांबचं नाही. पेशंट शांत झाला की नाही, ही चौकशी आपण आपल्यासाठी करतो. मीही डबा घेऊन जाताना जिन्यात ताईला तेच विचारायचे, "आज शांत आहे ना?" त्याला कसं वाटतंय हे विचारायला जिना संपलेला असायचा.

मधल्या वर्षात बरं चाललं. नोकरी लागली, लोअर परळला एका ऑफिसात डेटाचं काम. आणि तो ढोल-ताशा पथकात परत गेला. तो ताशावाला. पावसाळ्यात पुलाखाली सराव चालायचा, आणि हाताला लिथियमची बारीक थरथर आधीपासूनच होती, तेव्हा पोरं चिडवायची, "याची तर्री आपोआप वाजते." हा विनोद त्याचा स्वतःचा आहे, पोरांनी उचलला. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक दुपारपासून. सप्टेंबरातलं ते ऊन, भिजून पाठीला चिकटलेला सदरा, गुलाल, डीजेचा धूर. पाणी प्यायला तो थांबला नसणार, ताशावाले थांबत नाहीत. खांदा दुखायला लागला म्हणून रस्त्यातल्या मेडिकलमधून त्याने डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या, एक तेव्हा, एक रात्री, आणि दुसऱ्या दिवशीही खात राहिला. साधी गोष्ट. तुम्ही-आम्ही महिन्यातून एकदा करतो.

तिसऱ्या दिवशी त्याचा चहाचा कप हातातून उडाला. ही थरथर वेगळी होती, जाड, खांद्यापासून येणारी. उलट्या. बोलताना जीभ जड. जिना उतरताना तो भिंतीला धरत, फेंगडे पाय टाकत उतरला, आणि खालच्या कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "गणपतीची उतरली नाही वाटतं अजून." रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.२ मध्ये असावं लागतं. त्याचं दोनच्या घरात गेलं होतं. मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ आटलं की ते मीठ घट्ट धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या लिथियम बाहेर टाकायचा रस्ता आणखी आवळतात. पॅरासिटामॉल घेतली असती तर एवढं काही घडलं नसतं. सलाइनवर ठेवलं, गोळ्या बंद केल्या, आकडा उतरत गेला. त्या रात्री पलंगाशेजारी बसून ताईने मेडिकलवाल्याला, पथकाला, उन्हाला आणि मला, कारण मी समोर होते, यथेच्छ शिव्या दिल्या. मेडिकलवाल्याने खांदा दुखतो ऐकलं, खांद्याची गोळी दिली. निळ्या डब्याबद्दल त्याला कोण सांगणार होतं?

आता तो सांगतो. दाताच्या डॉक्टरला सांगतो, खोकल्याचं औषध घेतानाही सांगतो. पाकिटात एक चिठ्ठी असते गोळ्यांच्या नावांची. फक्त बँकेत नाही सांगत, आणि ते मला समजतं.

एफडीचे पैसे आले त्या आठवड्यात त्याची डॉक्टरांकडची तारीख होती. ताई, तो आणि मी, तिघंही गेलो. नंबर लागायला तास-दीड तास. पंख्याखालच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि तिचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता, गोळी वळल्यासारखा. मी बघितलं, भाच्यानेही बघितलं. आम्ही दोघांनी नजर वळवली. आत गेल्यावर त्याने डॉक्टरांना अंगठ्याची गोष्ट सांगितली, काकांसकट, चांगली रंगवून. डॉक्टर हसले, मग त्यांनी त्याला कागदावर मळसूत्रासारखी गोल गोल रेघ काढायला लावली, ती दातेरी आली, कॉफी किती पितोस विचारलं, आणि म्हणाले, लिथियमचा डोस थोडा उतरवून बघता येईल, लेव्हल खालच्या टोकाला ठेवू. मात्र आजार डोकं वर काढण्याचा धोका तेवढ्याने वाढतो, हेही सरळ सांगितलं. लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या कमी होतात, हे तिथे त्या खोलीत कुणी बोललं नाही, पण ताईला ते माहीत आहे. गच्चीच्या कुलपाची किल्ली अजून तिच्याकडेच आहे.

"नको," ताई म्हणाली. "थरथरू दे हात. अंगठा तर अंगठा."

"उतरवा," तो म्हणाला. "मी बघतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून केसपेपरवर लिहिलं. बाहेर बसस्टॉपवर ताई माझ्यावर उखडली. मी आत गप्प का बसले, हा तिचा मुद्दा. मी म्हटलं, हात त्याचा आहे. "हात त्याचा आहे," ती म्हणाली, "रात्री गॅलरीत उभं राहायला मी आहे. तुझं काय जातंय, तू घरी जाऊन लिहिशील त्याच्यावर." बस आली. भाचा पुढे चढला आणि तिघांची तिकिटं त्यानेच काढली.

डोस उतरवून आठवडा होत आला. रक्त सोमवारी द्यायचंय, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, म्हणजे सकाळी दहाला. ऑफिसात उशिरा येतो म्हणून त्याने कळवलंय. कारण लिहिलंय, "बँकेचं काम."